सल्ला: व्हॉलीबॉलचं नेट आणि शुभवर्तमान घेऊन कंबोडियाला निघताना

पत्र: «मी २७ वर्षांची आहे, जालना जिल्ह्यातली. बी.पी.एड. झालंय, विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळले आणि चार वर्षं शाळेत क्रीडा शिक्षिका आहे. आमच्या मंडळीने, म्हणजे चर्चने, मला दोन वर्षांसाठी कंबोडियात, बट्टामबांग प्रांतातल्या एका छोट्या मंडळीबरोबर सेवेला पाठवायचं ठरवलंय. खेळातून येशूची ओळख करून द्यायची, एवढंच सांगितलंय. वडीलधारे म्हणतात, पहिल्याच महिन्यात स्पर्धा घे, प्रत्येक मुलाला वचन छापलेली जर्सी आणि नवा करार दे, आणि किती जणांनी प्रभूला स्वीकारलं ते दर महिन्याला कळव. माझं मन याला तयार होत नाही, पण उलट बोलायला नेमकी कारणं सापडत नाहीत. सुरुवात कुठून करू? सोबत काय नेऊ? रविवारी सामने आले तर काय? आणि मी एकटी जाणार म्हणून आई काळजीत आहे, तिला काय सांगू?»

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम. तुमचं मन जिथे अडलंय तिथे ते बरोबर अडलंय. आधी त्याचीच कारणं देतो, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तुम्हाला बोलता येईल.

कंबोडियाच्या १९९३ च्या संविधानातलं ४३ वं कलम बौद्ध धर्माला राज्यधर्म म्हणतं आणि त्याच कलमात प्रत्येक नागरिकाला धर्मस्वातंत्र्यही देतं. ख्रिस्ती मंडळ्या तिथे उघडपणे भरतात, लपूनछपून काही करावं लागत नाही. पण २००७ साली धर्मखात्याने काढलेल्या आदेशात तीन गोष्टी स्पष्ट आहेत: बौद्धेतर गटांनी दारोदार प्रचार करायचा नाही, धार्मिक साहित्य धार्मिक स्थळाच्या आतच वाटायचं, आणि धर्म बदलावा म्हणून पैसे किंवा वस्तू द्यायच्या नाहीत. आता वडीलधाऱ्यांचा बेत यापुढे ठेवून पाहा. मैदानावर नवा करार वाटला की दुसरी अट मोडली. जर्सी देऊन पाठोपाठ प्रार्थनेला बोलावलं की तिसरी मोडली, निदान गावाला तरी तसंच दिसणार. तुम्ही दोन वर्षांनी जालन्याला परत याल. तिथला पास्टर आणि त्याची दहा-पंधरा घरं मात्र तिथेच राहणार, आणि जबाब त्यांना द्यावा लागेल.

कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण उरतंच, आणि आमच्या मते ते जास्त मोठं आहे. खाल्ल्या मिठाला जागणं ही गोष्ट ख्मेर, म्हणजे तिथल्या बहुसंख्य समाजाच्या, घरांत आपल्याइतकीच, कदाचित जास्तच, मनावर घेतली जाते. गरीब घरच्या मुलाला परदेशी बाईंनी जर्सी दिली की त्याच्या आईवर उपकाराचं ओझं येतं. ते फेडायला ती मुलाला प्रार्थनेला पाठवते, तुम्ही खूश होता, आणि तुम्ही गेल्यावर ते घर पुन्हा मंडळीकडे फिरकत नाही. १८७६-७८ च्या आणि नंतर १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर «पोटासाठी ख्रिस्ती झाले» हा टोमणा आपल्या पणजोबा-आजोबांनी झेलला, आणि ज्यांनी मनापासून विश्वास ठेवला त्यांनाही तो चुकला नाही. कंबोडियातल्या मुलांच्या माथी तो मारायला आपण कारण व्हायचं नाही. बैठकीत एवढं सांगितलं तरी जुनी माणसं गप्प बसून ऐकतील, कारण हे त्यांच्या घरातलं आहे.

आमचा सल्ला असा: खेळ खेळ म्हणून मनापासून शिकवा, आणि विश्वासाबद्दल उघडपणे, वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी, आईवडिलांना विचारून बोला. दोन्ही एकाच बाईंकडून होतंय हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत असावं. लपवाछपवीही नको आणि अदलाबदलीही नको. नव्या करारात पौलाने तीमथ्याला लिहिलंच आहे की नियमाप्रमाणे खेळल्याशिवाय मल्लाला मुगुट मिळत नाही.

पहिले तीन महिने

स्पर्धा घेऊ नका. भाषा शिका आणि गाव पाहा. ख्मेर भाषेत चिनी किंवा थाईसारखे सूर नाहीत आणि लिपीचा वर्णक्रम आपल्यासारखा क, ख, ग, घ, ङ असाच लागतो, त्यामुळे मराठी माणसाला अक्षरं फार लवकर लागतात. उच्चार मात्र फसवतात. खेळाला ते «केइला» म्हणतात. तो पालीतल्या «कीळा»तून, म्हणजे आपल्या «क्रीडा»च्याच घरातून आलेला शब्द. शिक्षकाला «क्रू» म्हणतात, म्हणजे गुरूच. मुलं तुम्हाला «क्रू» म्हणतील आणि त्या शब्दाबरोबर मान आणि जबाबदारी दोन्ही येतील. व्हॉलीबॉल म्हणजे «बाल तेआह». «तेआह» म्हणजे चापट मारणं. आकडे मुय, पी, बेइ, बुअन, प्राम. सहासाठी वेगळा शब्द नाही, «प्राम मुय» म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन. व्यायाम मोजताना हे पहिल्याच आठवड्यात तोंडात बसतं, आणि बाई चुकल्या की मुलं आनंदाने दुरुस्त करतात. दुरुस्त करू द्या.

दोन्ही हात जोडून नमस्कार करतात, त्याला «संपेआह» म्हणतात. समोरचा जितका मोठा, तितके हात वर. मुलांच्या डोक्यावर हात ठेवायची आपली मायेची सवय तिथे सोडावी लागेल, कारण डोकं पवित्र मानतात. बसताना तळपाय कोणाकडे करू नका. भिक्खूला बाईने स्पर्श करायचा नसतो, वस्तूही थेट हातात द्यायची नसते. शिकवताना सगळ्यात जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे चारचौघांत मुलाला ओरडायचं नाही. आपल्याकडे क्रीडा शिक्षकाने मैदानावर आवाज चढवला तर मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात. तिथे ज्याची सगळ्यांसमोर शोभा झाली तो मुलगा हसून मान डोलावतो आणि पुन्हा येत नाही, आणि का आला नाही हे कोणी सांगतही नाही. चूक दाखवायची तर बाजूला नेऊन, हलक्या आवाजात.

सणांचं कॅलेंडर आधी मागून घ्या. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष असतं, तेव्हा अख्खा देश गावी जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पंधरा दिवसांचा प्चुम बेन येतो. हा आपला पितृपक्षच समजा, त्यातला «बेन» म्हणजे पिंड. नोव्हेंबरच्या सुमारास पौर्णिमेला होड्यांच्या शर्यतींचा जलोत्सव असतो. या दिवसांत सराव ठेवणं म्हणजे मुलांना आपल्या घरच्यांपासून तोडणं. मैदान बंद ठेवा आणि बोलावलं तर त्यांच्या घरी जेवायला जा. पूर्वजांच्या विधीत कुठवर बसायचं आणि कुठे नम्रपणे थांबायचं, हे तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपापलं ठरवलेलं असतं. त्यांना विचारा, जालन्याहून ठरवून जाऊ नका.

मैदान

गावात सपाट मोकळी जागा बहुधा तीनच ठिकाणी मिळते: शाळा, पॅगोडाचं आवार किंवा कोणाचं तरी खासगी शेत. मंडळीच्या घराचं अंगण १८ बाय ९ मीटरच्या कोर्टाला क्वचितच पुरतं, कारण भोवती आणखी निदान तीन मीटर मोकळे लागतात, म्हणजे २४ बाय १५. पॅगोडाच्या आवारात व्हॉलीबॉल खेळतातच, आणि प्रमुख भिक्खू परवानगीही देतील. पण ती परवानगी खेळाची आहे. त्या आवारात येशूबद्दल एक शब्दही काढायचा नाही. कोणी विचारलं तरी «इथे नको, शनिवारी आमच्याकडे या» एवढंच म्हणायचं. शाळेतही तसंच. ज्याने जागा दिली त्याच्या नकळत त्या जागेत काही करणं हा विश्वासघात आहे, आणि तो शुभवर्तमानाच्या नावाने झाला तर जास्तच वाईट.

बट्टामबांगला आणखी एक खबरदारी लागते. थायलंडच्या सीमेकडच्या वायव्य प्रांतांमध्ये युद्धाच्या काळातले भूसुरुंग अजून आहेत. पडीक रान साफ करून नवं मैदान करायचा विचार मनातही आणू नका. रोजच्या वापरातली, गावाने वर्षानुवर्षं तुडवलेली जागाच घ्या. चेंडू झाडीत गेला तर मुलांनी कुठवर जायचं हे गावप्रमुखाला विचारून पहिल्या दिवशीच ठरवा. कवटीचं चिन्ह असलेली लाल पाटी दिसली की तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. याच कारणाने तिथे पाय गमावलेली माणसं बरीच भेटतील. कृत्रिम पाय लावून उभ्याने खेळायच्या व्हॉलीबॉलची तिथे चांगली परंपरा आहे. असा कोणी जुना खेळाडू जवळपास असेल तर त्याला शिकवायला बोलवा, मुलांना त्याच्याकडून मिळेल ते तुमच्याकडून मिळणार नाही.

खांबांसाठी तीन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, साडेतीन मीटर लांब, एक मीटर जमिनीत, दोन खांबांत १० ते ११ मीटर अंतर. थेट काँक्रीटमध्ये गाडू नका. चार इंची पाइपचा तुकडा काँक्रीटमध्ये बसवा आणि खांब त्यात उभा करा, म्हणजे जागामालकाने उद्या जागा मागितली तर खांब उचलता येतात. ४५ सेंटिमीटर चौरस आणि एक मीटर खोल असे दोन खड्डे १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाने भरायला ५० किलोच्या साधारण तीन गोण्या सिमेंट लागतं. सात दिवस पाणी मारा, त्याआधी नेट ताणलं तर खांब आत झुकतात आणि मग नेट कधीच ताठ राहत नाही. टायरमध्ये काँक्रीट ओतून सरकते खांब करायचा मोह होईल, स्वस्तही पडतं, पण मूल नेटला लोंबकळलं की तो खांब डोक्यावर येतो. तसे करायचेच असतील तर प्रत्येक खांबाला मागे ताणाच्या दोन दोऱ्या बांधा आणि खेळ संपला की आडवे करा. रेघा चुन्याने मारू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. ८ मिलिमीटरची पांढरी नायलॉन दोरी ९० मीटर घ्या. कोर्टाची कड, मधली रेघ आणि दोन्ही तीन मीटरच्या रेघा मिळून ८१ मीटर होतात, उरलेली गाठींना. दोरी कोपऱ्यांवर जमिनीत गाडलेल्या काठ्यांना बांधा. वर आलेले खिळे नकोत, मुलं अनवाणी खेळतात.

नेटची उंची पुरुषांची २.४३ आणि बायकांची २.२४ मीटर हे तुम्हाला पाठच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना दोन मीटरवरच सुरुवात करून द्या.

काय न्यायचं

कमी न्या. हवा काढलेले सहा चेंडू, दोन पंप, हवा भरायच्या दहा पिना (या मोडतातच, आणि एका पिनेवाचून आठवडा वाया जातो), एक चांगलं नेट, दोन शिट्ट्या, प्रेशर मोजायचं छोटं मीटर. बाकी तिथेच मिळतं आणि तिथेच घ्यावं. सोळा मुलांना आठ चेंडू असले, दोघांत एक, की कोणी रांगेत उभं राहत नाही. रांगेत उभं राहिलेलं मूल कंटाळतं आणि मग खोड्या काढतं. प्रमाण चेंडू २६० ते २८० ग्रॅमचा. बारा वर्षांखालच्यांना २०० ते २२० ग्रॅमचा हलका द्या, नाहीतर चार दिवसांत मनगटं लाल होतात आणि मुली पहिल्या गळतात. खरं चामडं टाळा, पावसाळ्यात ते पाणी पिऊन जड होतं. खिशात डॉलर असतील तर कोरे करकरीत ठेवा, जरा फाटलेली नोट दुकानदार घेत नाही.

सरावाची वेळ

बऱ्याच सरकारी शाळा तिथे अर्ध्या दिवसाच्या पाळीत चालतात, त्यामुळे मुलं सकाळी किंवा दुपारी मोकळी असतात. तरी दुपारी मैदानावर उतरवू नका. साडेचार ते पावणेसहा ठीक. सूर्यास्त नोव्हेंबरात पावणेसहाच्या आधीच होतो आणि जूनमध्येही पावणेसातच्या पुढे जात नाही, त्यामुळे थंडीच्या दिवसांत चारलाच सुरू करा. अंधारात घरी जावं लागलं तर मुलींच्या आया पाठवणं बंद करतील, आणि ते त्यांचं बरोबर आहे. बारा-तेराव्या वर्षी मुली घरकामासाठी, धाकट्या भावंडांसाठी गळू लागतात. धाकट्याला मैदानाच्या कडेला घेऊन यायची मुभा दिली तर निम्म्या तरी टिकतात. उन्हात काळं पडू नये म्हणून मुली पूर्ण बाह्यांचे कपडे घालून खेळतात. खेळू द्या, गणवेशाचा आग्रह नको.

पाणी मुलामागे एक लिटर धरा, म्हणजे सोळा जणांना वीस लिटरचा एक जार. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना प्यायला लावा. «तहान लागली का» असं विचारलं तर क्रूसमोर कोणी हो म्हणत नाही. साखरमिठाचं पाणी करायचं तर एका लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की लगेच मैदान सोडायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. लोखंडी खांबाजवळ कोणी उभं राहायचं नाही. घोटा मुरगळण्याच्या घटना बहुतेक नेटखालीच होतात, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडून. मधल्या रेघेपलीकडे पाऊल टाकायचं नाही हा नियम लहानपणापासून कडक ठेवा.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. चेंडू ब्लॉकला (नेटवर अडवणाऱ्या हातांना) लागून बाहेर गेला किंवा नेटला हात लागला, तर ज्याचा लागला त्याने स्वतः हात वर करायचा. आणि तो हात सगळ्यात आधी तुमचा वर जाऊ दे, तुमचा संघ हरत असताना. पंचाने पाहिलं नव्हतं आणि तरी क्रूने सांगितलं, हे मुलं घरी जाऊन सांगतात. तुमच्या साक्षीचा बराचसा भाग इथेच होऊन जातो, आणि त्याला कोणत्याही आदेशाची आडकाठी नाही.

विश्वासाबद्दल कधी आणि कसं बोलायचं

सराव सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाच्या घरी जा, मंडळीतल्या एखाद्या स्थानिक बहिणीला बरोबर घेऊन. चार वाक्यं पुरतात: मी कोण, कोणत्या मंडळीकडून आले, काय शिकवणार, आणि शनिवारी मंडळीच्या घरी येशूच्या गोष्टी सांगतो, तिथे यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, नाही आलात तरी खेळात काही फरक पडणार नाही. ख्मेरमध्ये एक साधा संमतीचा कागद करा. त्यावर दोन वेगळ्या सह्या, एक खेळासाठी आणि एक शनिवारसाठी. पहिली सही आहे आणि दुसरी नाही, अशी मुलं बरीच असतील. त्यांच्यातलाच एखादा कर्णधार झाला, तर तुमचा शब्द खरा होता हे गावाला दिसेल. आमंत्रण एकदाच द्या, दर आठवड्याला आठवण करून देऊ नका.

शनिवारची बैठक चाळीस मिनिटांची ठेवा, दार उघडं, आईबाप मागे बसू शकतील असं. बोलणं स्थानिक विश्वासणाऱ्याने करावं. तुमची साक्ष तीन मिनिटांची, आठ-दहा वाक्यांची, आदल्या दिवशी लिहून दुभाष्याला दिलेली. एक वाक्य बोला, थांबा. आपल्या मंडळीत सहज बोलतो ती वाक्यं नवख्या कानाला भलतीच वाटतात. «रक्ताने धुतलं» हे त्या घरात पहिल्यांदाच ऐकणारी आजी घाबरेल. त्याऐवजी काय घडलं ते सांगा: मी कशी होते, कोणाशी भांडले होते, क्षमा कशी मागितली, कोणाच्या बळावर मागितली.

इथे खेळातल्या माणसांकडून एक चूक हमखास होते. सामन्याचं उदाहरण देऊन तारण समजावतात. बौद्ध घरातलं मूल पुण्य आणि कर्म यांच्या हिशेबात वाढलेलं असतं: चांगलं करा, चांगलं मिळवा. «मेहनत करा, मग बक्षीस मिळेल» हे तुम्ही येशूच्या नावाने सांगितलंत तर त्याला वाटेल, अरे, हे तर आमच्यासारखंच आहे. कृपा कमवता येत नाही आणि गुण कमवावा लागतो, त्यामुळे स्कोअरबोर्ड कृपेबद्दल उलटंच शिकवतो. पौलाने धावण्याची उपमा दिली ती संयमाबद्दल, तारणाबद्दल नव्हे. कृपेसाठी लूकच्या पंधराव्या अध्यायातला हरवलेला मुलगा सांगा. घर, बाप, अब्रू आणि परत येणं हे ख्मेर आईला एका क्षणात कळतं. आणि «प्रभूने आपल्याला जिंकवलं» असं कधीही म्हणू नका, हरलेल्या संघातही प्रार्थना करणारी मुलं असतात.

«ज्यांना येशू हवा त्यांनी हात वर करा» हेही करू नका. क्रूने सांगितलं म्हणून सगळे हात वर करतील, पुढच्या आठवड्यात पुन्हा करतील, आणि तुमच्या अहवालात तीच सोळा मुलं महिन्याला चौसष्ट होतील.

म्हणून वडीलधाऱ्यांना दर महिन्याच्या आकड्याऐवजी दर तीन महिन्यांनी वेगळा अहवाल द्यायचा प्रस्ताव ठेवा: किती सराव झाले, तीन महिन्यांपूर्वीच्या मुलांपैकी किती टिकली, किती घरांना भेटी झाल्या, किती स्थानिक तरुण-तरुणी आता स्वतः सराव घेऊ शकतात, कशासाठी प्रार्थना हवी. कोणी बाप्तिस्मा घेतला तर ते तिथल्या पास्टरने, योग्य वाटेल तेव्हा, कळवावं. मुलांचे चेहरे आणि नावं असलेले फोटो जालन्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊ नयेत. असा एक फोटो फिरत फिरत त्या गावी पोचला की सगळंच अवघड होतं.

चौथ्या महिन्यात स्पर्धा घ्यायला हरकत नाही, छोटी, चार संघांची, एका दिवसाची. पण आधी संध्याकाळी चहाच्या टपरीजवळच्या कोर्टावर जाऊन पाहा. कंबोडियात व्हॉलीबॉलवर पैजा लावायची सवय बरीच आहे, मोठी माणसं दोन-दोन, तीन-तीन जणांत पैसे लावून खेळतात. संघांकडून प्रवेश फी घेऊन त्यातूनच रोख बक्षीस दिलंत तर तीही पैजच झाली. फी नको, रोख बक्षीस नको. विजेत्या संघाला एक चेंडू द्या. आणि पहिल्या महिन्यातच एक स्थानिक तरुणी हेरून ठेवा, जी तुमच्याबरोबर शिट्टी वापरायला शिकेल. वर्षाअखेरीस सराव तिने घ्यायचा आणि तुम्ही कडेला बसायचं.

रविवार

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल १०० मीटरला उतरला नाही, कारण त्याच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या. तो ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकला. लोक विसरतात ते हे की वेळापत्रक त्याला महिने आधी कळलं होतं आणि त्याने तेव्हाच सांगून टाकलं होतं. पुढे चीनमध्ये शिक्षक म्हणून सेवा करताना युद्धात तो वेइशियनच्या नजरकैदेच्या छावणीत अडकला. तिथली मुलं रविवारी पंचाविना हॉकी खेळताना भांडू लागली, तेव्हा हाच माणूस रविवारी शिट्टी घेऊन उभा राहिला. फेब्रुवारी १९४५ मध्ये तो छावणीतच वारला. तुमच्यासाठी यातून एवढं घ्या: तुमची भूमिका हंगाम सुरू होण्याआधी, शांतपणे सांगा, सामन्याच्या सकाळी नको. स्वतःसाठी ठरवा, बौद्ध घरच्या मुलांवर लादू नका. रविवारी दुपारचा सामना असेल आणि सकाळची उपासना होत असेल, तर मुलांना एकटं पाठवण्यापेक्षा बरोबर जाणं आम्हाला योग्य वाटतं. तुमचा पास्टर वेगळं म्हणाला तर त्याचं ऐका.

आईसाठी

एकटं राहायचं नाही, मंडळीतल्या कुटुंबाबरोबर राहायचं, ही अट जाण्याआधी लेखी घ्या आणि तो कागद आईला दाखवा. पर्यटक व्हिसावर जाऊ नका, तो एका महिन्यापलीकडे फारसा वाढत नाही. «ई» वर्गाचा व्हिसा घेऊन तिथे मुदत वाढवायची असते, आणि कामाचा परवाना वेगळा लागतो. ज्या मंडळीकडे जाताय तिची सरकारी नोंदणी आहे का, हे तिकिटाआधी विचारा. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढून न्या. तो मागितला नाही तरी तुम्हीच पुढे करा, कारण परदेशी माणसांनी मुलांचा गैरफायदा घेतल्याचे खटले त्या देशाने पाहिलेत आणि लोक सावध असतात. तुमच्यासाठीही नियम तोच: कोणत्याही मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, दोन मोठी माणसं कायम, कोणाला एकट्याला गाडीवर सोडायला जायचं नाही.

निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. रेबीज, जपानी मेंदूज्वर, टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लशींबद्दल विचारा. डेंग्यूचा डास दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी चावतो, म्हणजे नेमका तुमच्या सरावाच्या वेळेला. हातांना आणि पायांना डास पळवणारं मलम लावूनच मैदानावर जा आणि मुलांसाठीही एक ट्यूब ठेवा. नोम पेन्हमध्ये भारतीय दूतावास आहे, पोचल्यावर नाव नोंदवा. आईशी आठवड्यातला एक ठरलेला वार आणि वेळ ठेवा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, तेव्हा जालन्यात रात्रीचे आठ म्हणजे तुमच्याकडे साडेनऊ.

पोचल्यावर दोन महिन्यांनी आम्हाला पुन्हा लिहा. जागा कोणाची मिळाली, तिची लांबी-रुंदी किती, आणि गावाने कोणती वेळ दिली ते कळवा. कोर्ट अपुरं असेल तर लहान कोर्टावर चार-चार जणांचा खेळ कसा बसवायचा, त्याचा आराखडा पाठवू.